पाडायचं ते पाडा, पण आधी पैसे दाखवा

मा. गृहनिर्माणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



पत्र वेळणेश्वरहून, तालुका गुहागर, आणि विषय मुंबईतल्या जुन्या चाळी पाडण्याचा. पत्ता चुकलेला नाही. परळ, लालबाग, शिवडी, गिरगाव इथली एखादी चाळ रिकामी झाली की तिचा निम्मा संसार टेम्पोत बसून आमच्याकडे येतो. लोखंडी कपाट येतं, पितळेचे डबे येतात, देव्हारा येतो आणि त्यांच्याबरोबर म्हातारी माणसं येतात. मुलगा-सून विरार, नालासोपारा नाहीतर दिव्याला भाड्याची जागा बघतात, कारण नोकरी आणि मुलांच्या शाळा तिकडे. आजी-आजोबांना ‘बिल्डिंग होईपर्यंत’ गावी आणून सोडतात. पर्यटकांना वेळणेश्वरात समुद्र दिसतो, महादेवाचं देऊळ दिसतं, नारळी-पोफळीच्या बागा दिसतात. ओटीवर औषधांची पिशवी घेऊन बसलेली ही माणसं दिसत नाहीत. म्हाडाच्या दप्तरी संक्रमण शिबिरांची यादी असते. त्यात गुहागर तालुक्यातलं एकही घर नसेल, पण मुंबईच्या पुनर्विकासाचं सगळ्यात स्वस्त संक्रमण शिबिर कोकणात आहे आणि त्यासाठी सरकारला एक पैसाही मोजावा लागत नाही.

मीही त्यातलाच एक. गिरणगावातल्या एका चाळीत आमची खोली होती आणि भाड्याची पावती वडिलांच्या नावावर होती. पावसाळ्याच्या तोंडावर इमारतीला धोकादायक असल्याची नोटीस लागली, आम्ही खोली खाली केली, इमारत पाडली गेली. आज त्या जागेभोवती पत्रे ठोकलेले आहेत आणि आत रान माजलं आहे. मालकाचं किंवा बिल्डरचं नाव मी इथे लिहीत नाही. एका मालकाची तक्रार करायची असती तर ती कोर्टात केली असती. मला आपल्यापुढे ठेवायचं आहे ते कायद्यातलं एक मोठं भोक, आणि ते बुजवण्याची तरतूद त्याच कायद्यात, चार पानं अलीकडे, आधीपासून लिहिलेली आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्यातलं कलम १६ भाडेकरूला कोणकोणत्या कारणांनी काढता येतं ते सांगतं. त्यातलं एक कारण असं की मालकाला इमारत पाडून तिथे नवी बांधायची आहे. मालकाचा हा हक्क मला मान्य आहे. शंभर वर्षांची चाळ काही अमर नसते. पण हाच कायदा पुढे पोटकलम ६ मध्ये न्यायाधीशांना बजावतो की काही गोष्टींची खात्री पटल्याशिवाय बेदखलीचा हुकूम द्यायचा नाही. नवी इमारत बांधायला लागणारा पैसा मालकाकडे आहे का? नकाशे आणि खर्चाचं अंदाजपत्रक नीट तयार आहे का? जितकी राहती घरं पाडायची त्यापेक्षा कमी घरं नव्या इमारतीत नाहीत ना? मालकाने लेखी हमी दिली आहे का, की प्रत्येक भाडेकरूला त्याच्या ताब्यात होतं तेवढंच क्षेत्र मिळेल, फरक पाच टक्क्यांच्या आत? आणि तारखा. सगळी जागा ताब्यात आल्यापासून एका महिन्यात पाडकाम सुरू करायचं, तीन महिन्यांत संपवायचं, पंधरा महिन्यांत नवी इमारत उभी करायची. मुदत वाढवून हवी असेल तर कोर्टापुढे जाऊन कारण सांगायचं. पुढची कलमं भाडेकरूने परत येण्याची इच्छा कशी कळवायची, मालकाने इमारत पुरी झाल्याचं कसं कळवायचं, हेही सांगतात.

मंत्रीमहोदय, इतकं शहाणं कलम आपल्या राज्याच्या कायद्यांत क्वचितच असेल. ही तरतूद १९९९ ची कल्पनाही नाही, १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यातही ती जवळजवळ अशीच होती. ज्यांनी ती लिहिली त्यांना मालकही माहीत होते आणि मुंबईही माहीत होती. आधी पैसे दाखव, मग दार उघडून घे, एवढा साधा व्यवहार त्यांनी कायद्यात घातला.

आता मला सांगा, आपल्या माहितीतल्या किती चाळी या कलमाने रिकाम्या झाल्या? धोबीतलावच्या स्मॉल कॉज कोर्टात जाऊन, पैसा दाखवून, पंधरा महिन्यांची हमी लिहून देणारा मालक मी तरी पाहिलेला नाही. तो वेडा आहे थोडाच! शेजारीच दुसरा, बिनखर्चाचा रस्ता आहे.

तो रस्ता असा. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खाली धोकादायक इमारतीला नोटीस निघते. स्ट्रक्चरल ऑडिट होतं, इमारत ‘सी-वन’ ठरते, म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडण्याच्या लायकीची. ऑडिट मालकाने नेमलेला इंजिनिअर करतो. भाडेकरूंनी आपला इंजिनिअर आणला तर तो म्हणतो दुरुस्ती होऊ शकते. दोन अहवाल भिडले की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. तिथला निकाल विरोधात गेला की पाणी आणि वीज तोडली जाते. एरवी मालकाने नळ तोडला तर तो भाडे कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे, इथे तेच काम सरकारी माणसं पोलीस बंदोबस्तात करतात. आणि या रस्त्यावर कुणीही मालकाला विचारत नाही की बाबा रे, नवी इमारत बांधायला तुझ्याकडे पैसे आहेत का. नकाशा नाही, अंदाजपत्रक नाही, तारीख नाही. तो म्हणू शकतो, मी कुठे भाडेकरूंना काढलं? महापालिकेने काढलं.

याचा अर्थ धोक्याच्या नोटिसा खोट्या असतात असा कुणी काढू नये. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला. जीव जाण्यापेक्षा खोली गेलेली परवडली, हे मी माझ्या म्हाताऱ्या आईला सांगूनच बाहेर काढलं. पण इमारत धोकादायक का होते, हेही बघा. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकाची. तो करत नसेल तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः करावी आणि भाड्यातून वळती करावी, अशी सोय कलम १४ मध्ये आहे, आणि तीही भाड्याच्या एका हिश्श्यापुरतीच. चाळीच्या खोलीचं वर्षाचं भाडं मिळून एका गवंड्याची आठवड्याची मजुरी भरत नाही, तर त्यातून काय वळतं करणार आणि कुठला खांब धरणार?

इथे मालकाचीही बाजू आहे आणि ती मी लपवणार नाही. १९४० च्या सप्टेंबरातलं भाडं प्रमाण धरून ते पन्नास-साठ वर्षं गोठवून ठेवलं गेलं. मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हे अवाजवी म्हटलं, त्यानंतर १९९९ चा कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. मालक इमारतीला चुना का लावेल? आणि पागडीची जागा हस्तांतरित होताना मालक जो मोठा हिस्सा घेतो तो तरी त्याने का सोडावा? हा सगळा अर्धा-उजळ, अर्धा-अंधारा व्यवहार दोघांनी मिळून चालवला. मात्र त्याचा शेवट दोघांना सारखा येत नाही. इमारत पडली की मालकाच्या हातात मोकळा भूखंड येतो आणि भाडेकरूच्या हातात पावती राहते.

पावती राहते, हे खरं आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतल्या एका पाडलेल्या इमारतीवरून शहा रतनसी खिमजी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की इमारत नष्ट झाली म्हणून भाडेहक्क नष्ट होत नाही, कारण भाड्याने फक्त भिंती दिलेल्या नसतात, खालची जमीनही त्यात असते. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने धोकादायक इमारतींसाठी महापालिकेला सूचना दिल्या, त्यात पाडण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातल्या क्षेत्राची नोंद करून ठेवावी हेही आहे. निकाल उत्तम आहेत. पण हक्क आहे म्हटल्याने छप्पर मिळत नाही. या निकालांत पंधरा महिने नाहीत.

आणि ती क्षेत्राची नोंद प्रत्यक्षात कशी होते ते सांगतो, कारण मंत्रालयातून ते दिसणार नाही. आमच्याकडे एक तरुण पोरगा फीत आणि वही घेऊन आला. खोली दहा बाय बारा. भिंतीचा गिलावा आत फुगला होता, त्याने फीत फुगवट्याला टेकवली. आई म्हणाली, ‘अरे, मूळ भिंतीपासून माप.’ त्याने ऐकलं नाही. मोरी आत धरायची की बाहेर, यावर सगळा मजला गोळा झाला. मोरीत उंबऱ्याएवढी पायरी होती, तेवढ्यावरून तो तिला बाहेर काढत होता. पोटमाळ्यावर आम्ही तिघं भावंडं झोपत होतो, अभ्यास करत होतो. तो त्याच्या वहीत शून्य. समोरची गॅलरी सामाईक, म्हणून तीही शून्य. मोजून झाल्यावर वही मिटून तो पुढच्या दाराशी गेला. शेजारच्या काकूंनी कालनिर्णयच्या पानामागे पेन्सिलीने तेच आकडे उतरवून घेतले आणि त्याला सही करायला सांगितलं. तो म्हणाला, ‘मला अधिकार नाही.’ मग कुणाला आहे, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे आजही त्या मोजमापाची एकमेव प्रत म्हणजे काकूंचं ते कालनिर्णयचं पान आहे.

आता कोकणातल्या माणसाची वेगळी अडचण. भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही तर मालक तेवढ्यावर ताबा मागू शकतो, हेही कलम १६ मध्येच आहे. चाकरमान्याचं आयुष्य दोन घरांत वाटलेलं. शिमग्याला पालखी नाचवायला गावी, मे महिन्यात आंब्याला गावी, गणपतीला गावी, आई अंथरुणाला खिळली की वर्षभर गावी. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईहून आलेली माणसं आमच्या शाळेच्या वर्गांत चौदा-चौदा दिवस ठेवली होती. त्यांतले कितीतरी महिनोन्महिने परतू शकले नाहीत. सबळ कारण आहे, पण ते कोर्टात सिद्ध करायचं ते भाडेकरूने.

त्याहून वाईट मरणाचं. कलम ७ मधली भाडेकरूची व्याख्या म्हणते की भाडेकरू वारला तर मरणसमयी त्याच्याबरोबर त्या जागेत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो, तसा कुणी नसेल तर वारसाकडे. माझे वडील निवृत्तीनंतर इथे वेळणेश्वरात राहिले आणि इथेच गेले. पावती त्यांच्या नावावर, ते गावात, मी खोलीत. मग मी त्यांच्या ‘बरोबर’ राहत होतो का? एका वकिलांनी सांगितलं हो, दुसऱ्यांनी सांगितलं वाद होऊ शकतो. कोकणातली निम्मी पिढी याच पद्धतीने मरते: मुंबईत नाव आणि गावात शेवटचा श्वास. पुनर्विकासाच्या यादीत नाव चढवण्याची वेळ आली की हा प्रश्न हमखास बाहेर काढतात, आणि तोही तडजोडीची रक्कम ठरवायच्या दिवशी.

कुणी म्हणेल, बिल्डर आला, करार झाला, महिन्याचं भाडं मिळतं, मग रडता कशाला? गोरेगावच्या सिद्धार्थनगरातली पत्राचाळ आठवा. म्हाडाचे ६७२ भाडेकरू. २००८ मध्ये करार झाला, घरं रिकामी झाली, विकासकाने नवी घरं पुरी केलीच नाहीत, दरमहाचं भाडं बंद पडलं. म्हाडाने विकासकाला काढलं ते २०१८ मध्ये, आणि अर्धवट काम पुन्हा सुरू झालं ते २०२२ मध्ये. तिथे मालक म्हणजे सरकारी मंडळ होतं, करार त्रिपक्षीय होता, सगळे शिक्के होते. एवढं असून ही गत, तर खाजगी मालकाच्या चाळीतल्या पंधरा-वीस बिऱ्हाडांना कोण विचारतो?

उलट बाजूचंही सांगतो. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. आमच्या तालुक्यातल्याही कितीतरी घरांत त्या दिवशी फोन वाजले असतील. तिथे मागे सरकार उभं होतं, पैसा दिसत होता, म्हणून ते झालं. आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने २०२३ मध्ये विकासकांना दोन वर्षांचं भाडं आगाऊ भरायला आणि पुढच्या वर्षाचे चेक द्यायला लावलं. झोपडीवासीयांना हे मिळालं याचा आनंद आहे. मग ज्याच्याकडे सत्तर वर्षांच्या पावत्या आहेत त्या चाळकऱ्याला तेवढंही का नाही?

आपल्या खात्याने काहीच केलं नाही असं नाही. म्हाडा कायद्यात कलम ७९-अ आलं: उपकरप्राप्त इमारत धोकादायक ठरली की मालकाने सहा महिन्यांत पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायचा, नाही दिला तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, तेही नाही झालं तर म्हाडाने जागा ताब्यात घ्यायची. कल्पना चांगली. पण अंमल करताना म्हाडाच्या अभियंत्यांनी ९३५ नोटिसा काढल्या आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन चौकशीला समिती नेमली. मालकाला धाक बसावा म्हणून आणलेलं कलम घाईगर्दीने वापरून आपणच मालकाच्या वकिलांच्या हाती कोलीत दिलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक शेतावरची गोष्ट सांगतो. आमचा सगळा भाग खोतीचा. जमीन खोताची, तिच्यावरचं घर कुळाने आपल्या हातांनी बांधलेलं. खोती मोडण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, खोती प्रत्यक्षात गेली ती स्वातंत्र्यानंतर. पण १९४८ च्या कूळकायद्याने एक गोष्ट चोख केली. मालकाच्या जागेवर कुळाने आपल्या खर्चाने घर बांधलं असेल तर त्याला त्या घरातून सहजासहजी काढता येणार नाही, आणि मालकाला ती जागा विकायची झाली तर आधी कुळाला विचारायचं. आमच्याकडे आज जी कौलारू घरं उभी दिसतात त्यांतली कित्येक या कलमांमुळे उभी आहेत. त्या काळच्या सरकारला खोतांची भीड पडली नाही. मुंबईचा भूखंड गुहागरच्या भातखाचरापेक्षा महाग आहे, हे मला समजतं. भीडही त्याच भावाने वाढते, हेही समजतं.

तेव्हा मागणं नवं काही नाही. कलम १६ च्या सहाव्या पोटकलमात मालकाला ज्या अटी घातल्या आहेत, त्या इमारत कुठल्याही रस्त्याने पाडली तरी लागू करा. नोटीस महापालिकेची असो, म्हाडाची असो, की बिल्डरशी झालेला करार असो. जीव धोक्यात असेल तर माणसं आजच बाहेर काढा, त्याला आमची ना नाही. पण त्या दिवसापासून मालकाची मुदत मोजायला लागा. ठरलेल्या मुदतीत त्याने पैसा आणि नकाशा दाखवला नाही तर भूखंडावर त्याला दुसरा कुठलाही व्यवहार करता येऊ नये, आणि भाडेकरूंच्या संस्थेला अर्ज न करता आपोआप पुढचा हक्क मिळावा. पर्यायी जागेचं दोन वर्षांचं भाडं आधी सरकारी खात्यात जमा व्हावं. गावी मरण पावलेल्या भाडेकरूचा वारस खोलीत राहत होता की नाही, हा वाद शिधापत्रिका आणि वीजबिलावर संपावा, त्यासाठी दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढायला लागू नयेत. महापालिका नगरविकास खात्याकडे येते आणि म्हाडा आपल्याकडे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण दोन खात्यांच्या मधल्या फटीत आम्ही किती वर्षं राहायचं? मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, तेव्हा ही फट बुजवायची संधी होती.

कायदा बदलायला वेळ लागेल, अधिवेशनं येतील-जातील. त्याआधी एक गोष्ट आपल्या आणि नगरविकास खात्याच्या एका परिपत्रकाने होण्यासारखी आहे. धोकादायक इमारतीतली खोली मोजायला जो माणूस येईल त्याने मोजमापाची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी, त्याच दारात, भाडेकरूच्या हातात द्यावी, मोरी आणि पोटमाळ्याच्या नोंदीसह. प्रत दिल्याशिवाय पाणी-वीज तोडू नये. पुढच्या पावसाळ्याच्या नोटिसा निघण्याआधी हे परिपत्रक काढा.

कळावे,

आपला,
एक पावतीधारक भाडेकरू
वेळणेश्वर, ता. गुहागर, जि. रत्नागिरी